नववी इनिंग मारियानोची

जर्सीकर

परवा धाकट्या लेकीचा सॉफ्टबॉलचा सामना होता. संघ एका धावेने पुढे, शेवटची इनिंग, आणि कोचने चेंडू तिच्या हातात दिला. पहिल्याच बॅटरला तिने चार चेंडू बाहेर टाकून फुकट बेस दिला, दुसरीने फटका मारला, सामना गेला. गाडीत बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिला बेसबॉलमधल्या मारियानो रिवेराची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि घर आलं तरी संपली नव्हती. उरलेली इथे लिहितो.

मी १९९८ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला आलो. बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं. शेजारचे आजोबा संध्याकाळी ओट्यावर रेडिओ लावून बसायचे, त्यांच्याजवळ बसून मी खेळ शिकलो. त्या वर्षी न्यूयॉर्क यांकीजनी साखळीतले ११४ सामने जिंकले होते. आठवी इनिंग संपली आणि यांकीज एक-दोन धावांनी पुढे असले की आजोबा खुर्ची आवरायला घ्यायचे. मी विचारायचो, अजून एक इनिंग आहे ना? ते म्हणायचे, ती मारियानोची.

पनामात प्वेर्तो काइमितो नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथे तो वाढला. वडील मासेमारीच्या बोटीवर कप्तान, तारलीसारखी बारीक मासळी धरायचे. पोरं दुधाच्या खोक्यांचे ग्लव्ह करायची, जुन्या जाळ्यांचे तुकडे चिकटपट्टीने गुंडाळून चेंडू करायची. मारियानो मोठा झाल्यावर वडिलांच्या बोटीवर कामाला लागला. एकदा बोट बुडाली तेव्हा जीव वाचवून पळावं लागलं. समुद्रावर आयुष्य काढायचं नाही, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं.

तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, नव्हताच. स्थानिक संघात शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये, कधी आउटफिल्डला, म्हणजे दूरच्या मैदानात, उभा राहायचा. एका सामन्यात संघाच्या पिचरला मार बसायला लागला तेव्हा "मी टाकून बघतो" म्हणून हा पुढे झाला. ते बघून सोबत्यांनीच यांकीजच्या माणसाला निरोप धाडला. फेब्रुवारी १९९० मध्ये करार झाला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. इंग्रजी येत नव्हतं. पैसे मिळाले ते काही हजार डॉलर.

पहिल्याच वर्षी फ्लोरिडातल्या सर्वांत खालच्या लीगमध्ये त्याने ५२ इनिंगमध्ये पिचरच्या नावे लागणारी एकच धाव दिली. सरासरीच्या (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांच्या) बक्षिसाला पात्र ठरायला थोड्या इनिंग कमी पडत होत्या, म्हणून शेवटच्या दिवशी त्याला सुरुवातीपासून चेंडू दिला. सात इनिंगच्या त्या सामन्यात त्याने एकही हिट दिली नाही, म्हणजे एकाही बॅटरला फटका मारून बेस गाठू दिला नाही.

पण पुढची पाच वर्षं सरळ गेली नाहीत. १९९२ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी लीगमध्ये फ्लोरिडा आणि कोलोरॅडो हे दोन नवे संघ येणार होते आणि जुन्या संघांनी राखून न ठेवलेले खेळाडू ते उचलू शकत होते. यांकीजनी रिवेराला राखलं नाही, आणि त्या दोघांनीही त्याला घेतलं नाही. २३ मे १९९५ ला तो पहिल्यांदा वरच्या पातळीवर खेळला. साडेतीन इनिंगही टिकला नाही, संघ ०-१० असा हरला. जूनमध्ये त्याला परत खाली, कोलंबसला पाठवलं. डेट्रॉईटच्या डेव्हिड वेल्सच्या बदल्यात त्याला देऊन टाकायची बोलणी चालली होती. आणि तिथे, खांदा दुखतो म्हणून विश्रांती घेऊन परतल्यावर, त्याचा वेग एकाएकी वाढला. ताशी ८८-९० मैल टाकणारा माणूस ९५ टाकू लागला. बोलणी थांबली. ४ जुलैला त्याने शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध आठ इनिंग टाकल्या, एकही धाव न देता, ११ स्ट्राइकआउट घेऊन, म्हणजे ११ बॅटरना तीन स्ट्राइकवर बाद करून.

१९९६ मध्ये तो रिलीफ पिचर म्हणून स्थिर झाला आणि १९९७ मध्ये क्लोजर झाला. २०१३ पर्यंत ती जागा त्याचीच होती. आकडे वगैरे नंतर लिहितो, आधी तुम्ही काय म्हणता ते वाचू दे.


सोनचाफा

फार मनापासून लिहिलंय दादा. पण मला क्रिकेटपलीकडे शून्य ज्ञान आहे. रिलीफ पिचर म्हणजे राखीव बोलर का? आणि क्लोजर म्हणजे?


जर्सीकर

@सोनचाफा, राखीव म्हणता येणार नाही, ते वेगळंच काम आहे. सामना नऊ इनिंगचा. सुरुवात करणारा पिचर साधारण पाच ते सात इनिंग टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती घेतो. तो थकला किंवा त्याला मार बसायला लागला की बुलपेनमधून, म्हणजे कुंपणाजवळ हात गरम करत बसलेल्यांतून, एकाला बोलावतात. तो रिलीफ पिचर. एकदा बाहेर गेलेला पिचर परत येऊ शकत नाही, म्हणून कोणाला कधी आणायचं हा मॅनेजरचा मोठा निर्णय असतो.

यातला शेवटची इनिंग सांभाळणारा तो क्लोजर. संघ जास्तीत जास्त तीन धावांनी पुढे असताना आला, निदान एक इनिंग टाकली आणि सामना जिंकून संपवला, की त्याच्या नावावर एक 'सेव्ह' लागतो. आणखी दोन-तीन प्रकारे लागतो, पण मुख्य हा. १९६९ पासून हा अधिकृत आकडा आहे.

अडचण अशी की सुरुवातीच्या पिचरने दुसऱ्या इनिंगला दोन धावा दिल्या तर भरून काढायला सात इनिंग असतात. क्लोजरने दिल्या तर पुढे काहीच नसतं. सगळ्यांनी तीन तास राबून आणलेला सामना दहा मिनिटांत त्याच्या हातून जातो, आणि बहुतेकदा दुसऱ्या दिवशी त्यालाच परत यायचं असतं.


लेगकटर

कोल्हापुरात क्लब क्रिकेट खेळलो, वीस वर्षं मध्यमगती टाकली. रिवेराचा 'कटर' हा प्रकार व्हिडिओत बघून अक्षरशः उठून बसलो होतो. आपल्या लेगकटरची दिशा तीच, उजव्या बॅटरपासून दूर आणि डावखुऱ्याच्या अंगात. पण आपल्याला टप्पा पडल्यावर खेळपट्टीची मदत मिळते. याचा चेंडू हवेतच, अगदी शेवटच्या क्षणी सरकतो. डावखुरा बॅट फिरवायला घेतो तेव्हा चेंडू सरळ असतो आणि लागतो तो मुठीजवळ. बॅट मोडते.

हा चेंडू त्याला कोणी शिकवला? पकड काय होती?


जर्सीकर

@लेगकटर, कोणीच नाही, आणि मला या गोष्टीचं सर्वांत जास्त नवल वाटतं. जून १९९७, डेट्रॉईट. सामन्याआधी तो संघातल्या रामिरो मेंडोझाबरोबर नुसता चेंडू फेकत होता. मेंडोझाला झेलायला जड जाऊ लागलं, चेंडू ऐनवेळी सरकत होता. त्याला वाटलं हा मुद्दाम करतोय. रिवेरा म्हणाला, मी नेहमीसारखाच टाकतोय. पुढचे काही आठवडे तो आणि पिचिंग कोच मेल स्टॉटलमायर चेंडू पुन्हा सरळ करायच्या मागे होते. होईना, तेव्हा त्यांनी प्रयत्न सोडला. पुढे तो याला देवाची देणगी म्हणत आला. माणूस अतिशय श्रद्धाळू आहे, ते त्याच्या तोंडी खोटं वाटत नाही.

पकड साध्या फास्टबॉलच्या जवळचीच, मधल्या बोटावर दाब जास्त. ती त्याने लपवलीही नाही. २००८ च्या ऑल-स्टार सामन्याच्या वेळी टोरंटोच्या रॉय हॅलडेने विचारलं, तर याने प्रतिस्पर्ध्याला सगळं दाखवलं. हॅलडेने चेंडूवर बोटांच्या जागा आखून घेतल्या. यांकीजच्या सोबत्यांनी यासाठी रिवेराला आपसात दंड ठोठावला होता.

बॅट मोडण्याचं म्हणाल तर १९९९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, अटलांटाच्या रायन क्लेस्कोच्या एकाच पाळीत तीन बॅटी मोडल्या. दोन्ही हातांनी खेळणारे काही बॅटर, ज्यांनी उजव्या पिचरविरुद्ध डाव्या बाजूने उभं राहायचं असतं, ते त्याच्यासमोर उजव्या बाजूने उभे राहायचे. काय येणार हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं.


आकडेमोड

लेख आवडला. पण एक मतभेद नोंदवतो. क्लोजरचं महत्त्व फुगवलेलं असतं असं माझं प्रामाणिक मत आहे. रिवेराने १९ हंगामांत मिळून साधारण १२८३ इनिंग टाकल्या. चांगला सुरुवातीचा पिचर तेवढ्या सहा-सात वर्षांत टाकतो. शिवाय सेव्ह हा आकडाच तकलादू. तीन धावांची आघाडी एका इनिंगमध्ये राखणं बहुतेक पिचरना जमतं. बरेच क्लोजर हे सुरुवातीचा पिचर म्हणून अपयशी ठरलेले असतात, रिवेरासुद्धा. १९९५ ला त्याने दहा सामन्यांत सुरुवात केली आणि त्या हंगामातली त्याची सरासरी ५.५१ होती, म्हणजे दर नऊ इनिंगमागे साडेपाच धावा. ६५२ सेव्ह हा विक्रम मोठा आहे, पण तो थोरपणाचा पुरावा म्हणून पुढे करू नये.


जर्सीकर

@आकडेमोड, सेव्हबद्दल तुमचं बरोबर आहे. मीही ६५२ वर माझी बाजू मांडणार नाही. मी दोन दुसरे आकडे मांडतो.

१९९६ घ्या. तेव्हा क्लोजर जॉन वेटलँड होता, रिवेरा त्याच्या आधी सातवी-आठवी इनिंग टाकायचा. त्याच्या नावावर सेव्ह होते फक्त पाच. पण १०७ इनिंगच्या वर टाकल्या, १३० स्ट्राइकआउट घेतले, आणि सहा इनिंगनंतर यांकीज पुढे असलेल्या सामन्यांचा हिशोब होता ७० विजय, ३ पराभव. नऊ इनिंगचा सामना सहा इनिंगचा झाला होता. सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला, क्लोजर नसताना.

दुसरा आकडा बाद फेरीचा. तिथे समोर सर्वोत्तम संघ असतात, थंडी असते. तिथे त्याने १४१ इनिंग टाकल्या आणि सरासरी ०.७०. एकूण ११ धावा त्याच्या नावावर लागल्या. चंद्रावर पाय ठेवलेली माणसं १२, त्याच्या नावावरच्या धावा त्याहूनही कमी, असं वाक्य अमेरिकेत फिरत असतं. होमरन दिले दोन, १९९७ ला क्लीव्हलंडच्या सँडी अलोमारला आणि २००० ला मेट्सच्या जे पेटनला. त्यात अनेकदा तो आठव्या इनिंगलाच यायचा आणि दोन-दोन इनिंग टाकायचा. हे तीन धावांच्या आघाडीचे सोपे सेव्ह नव्हते.


आकडेमोड

०.७० पुढे माझ्याकडे उत्तर नाही. इनिंगबद्दलचं मत कायम ठेवतो, पण या माणसाला मी बाकीच्या क्लोजरच्या रांगेत उभं करत नाही.


वाळवंटी

मी फिनिक्समध्ये राहतो, आणि ४ नोव्हेंबर २००१ ला स्टेडियममध्ये होतो. वर्ल्ड सिरीजचा सातवा, शेवटचा सामना. ऑफिसातल्या मित्राकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून गेलो.

आमच्या अॅरिझोना डायमंडबॅक्सविरुद्ध यांकीज २-१ पुढे. आठव्या इनिंगला रिवेरा आला आणि तिघांना स्ट्राइकआउट केलं. बाद फेरीत सलग २३ सेव्ह घेऊन आलेला माणूस. आमच्या रांगेतली दोघं उठून पार्किंगकडे गेली. सप्टेंबरच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते, न्यूयॉर्क जिंकणार आणि ते योग्यच असं आमच्या गावातल्या लोकांनाही आतून वाटत असावं.

नववीत मार्क ग्रेसने मधोमध हिट मारली. पुढच्याने बंट केला, म्हणजे चेंडू नुसता पुढ्यात टेकवला. रिवेराने तो उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला आणि फेक चुकली, चेंडू थेट आउटफिल्डमध्ये. हा माणूस चुकतो हे मी तिथे प्रथमच बघत होतो. मग टोनी वोमॅकचा डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, बरोबरी. क्रेग कौन्सेलला चेंडू लागला. बेस भरले, एकच बाद, लुइस गोन्झालेस. धाव रोखायला यांकीजनी आतले क्षेत्ररक्षक पुढे आणले होते. कटर आला, गोन्झालेसची बॅट मुठीजवळ मोडली, आणि चेंडू लोंबकळत जाऊन यांकीजचा शॉर्टस्टॉप डेरेक जीटरच्या मागे पडला. जीटर नेहमीच्या जागी असता तर तो झेल सोपा होता. रिवेराने टाकायला हवा तोच चेंडू टाकला होता आणि सामना हरला.

सगळे ओरडत होते, मीही. पण माझं लक्ष त्याच्याकडे होतं. हातवारे नाहीत, ग्लव्ह आपटणं नाही, तो सरळ चालत गेला.


जर्सीकर

@वाळवंटी, अंगावर काटा आला. त्या पराभवाला जोडून एक गोष्ट आहे. यांकीजचा एन्रिके विल्सन हा डॉमिनिकन खेळाडू. यांकीज जिंकले असते तर न्यूयॉर्कमध्ये विजयाची मिरवणूक होणार होती आणि विल्सन तिच्यासाठी थांबून १२ नोव्हेंबरच्या विमानाने सांतो डोमिंगोला जाणार होता. हरले, मिरवणूक नाही, तो आधीच घरी गेला. १२ तारखेचं ते विमान उड्डाणानंतर लगेच क्वीन्समध्ये कोसळलं आणि आतले २६० जण गेले. रिवेराने नंतर सांगितलं की आपण हरलो याचा मला आनंद आहे, माझा मित्र वाचला.

मी लेकीला गाडीत सांगत होतो ती गोष्ट हीच.


अनुराधा_केंब्रिज

आम्ही बोस्टनकडचे, म्हणजे रेड सॉक्सवाले. म्हणून दोन गोष्टी मी लिहायला हव्यात.

२००४. वर्ल्ड सिरीजआधीची सात सामन्यांची मालिका, यांकीज तीन सामन्यांनी पुढे, चौथा आमच्या फेनवे पार्कवर, नववी इनिंग, रिवेरा माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर), ४-३. आमच्या घरात सासरे टीव्ही बंद करा म्हणत होते. केव्हिन मिलारला वॉक, म्हणजे फुकट बेस, मिळाला, त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला, त्याने दुसरा बेस चोरला, बिल म्युलरने हिट मारली, बरोबरी. तिथून चार सामने जिंकून रेड सॉक्स वर्ल्ड सिरीजला गेले आणि ८६ वर्षांनी ती जिंकले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: त्या मालिकेच्या तोंडावर रिवेराच्या पनामातल्या घरी पोहण्याच्या तलावात विजेचा धक्का बसून त्याच्या नात्यातले दोघे गेले होते, त्यात एक लहान मुलगा. तो मंगळवारी सकाळी पनामात अंत्यसंस्काराला होता आणि त्याच रात्री न्यूयॉर्कला पोहोचून पहिल्या सामन्याचा सेव्ह घेतला. हे आम्हाला इकडे कळलं तेव्हा सासरेही गप्प झाले होते.

दुसरी गोष्ट २००५ च्या एप्रिलची. फेनवेवर हंगामातला पहिला सामना, सुरुवातीला खेळाडूंची ओळख करून देतात. रिवेराचं नाव आलं आणि पूर्ण स्टेडियमने टाळ्यांचा कडकडाट केला. आमच्या लोकांनी त्याला खिजवायला केला होता, कारण तो आम्हाला सामने देऊन बसला होता. रिवेरा मोकळेपणी हसला आणि टोपी काढून सगळ्यांना नमस्कार केल्यासारखी हलवली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला कोणी वाईट बोललं नाही.


हाडवैद्य

अस्थिरोगतज्ज्ञ आहे, नाशिकला. वैद्यकीय बाजूने दोन ओळी. हात डोक्यावरून आणून फेकण्याच्या क्रियेत कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर प्रचंड ताण येतो, पिचरचे हात तिथेच जातात. रिवेराची फेक बघा, अनावश्यक हालचाल जवळपास नाही. प्रत्येक चेंडू मागच्या चेंडूसारखा. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर २० वर्षं टिकण्यात या साधेपणाचा वाटा असणार असं मला वाटतं.

आणि मोडला तो हात नाहीच. ३ मे २०१२, कॅन्सस सिटी. सामन्याआधी फलंदाजीच्या सरावात तो आउटफिल्डला उंच झेल घेत होता, हा त्याचा रोजचा आनंद. कुंपणापाशी पाय अडकला आणि उजव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे सांधा स्थिर ठेवणारं लिगामेंट, फाटलं. वय ४२. या वयात या दुखापतीनंतर कोणीही निवृत्त व्हावं, मी रुग्णाला तसंच सांगितलं असतं. त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, मी परत येतो. २०१३ ला ४३ व्या वर्षी ४४ सेव्ह, सरासरी २.११.


खानदेशी

जळगावला शाळेत मी सॉफ्टबॉल खेळले, पिचर होते. आमच्याकडे हात खालून फिरवून टाकतात, पण माउंडवर एकटं उभं राहणं तेच. जिल्हा स्पर्धेत शेवटच्या इनिंगला दोन वॉक दिले होते, ते दिवस आठवले. तेव्हा सरांनी पुढच्या सामन्याला मला बसवलं. जर्सीकरदादा, तुमच्या लेकीला कोचने पुढच्या सामन्यात चेंडू दिला का?


जर्सीकर

@खानदेशीताई, दिला. शनिवारी. दोन बाद केले, एक हिट दिली, सामना राखला. तिने घरी आल्यावर पहिल्यांदा हिटबद्दल सांगितलं.


निळीशाई

रिवेराच्या पाठीवरच्या ४२ क्रमांकाबद्दल कोणीच लिहिलं नाही? जॅकी रॉबिन्सन हा आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९९७ मध्ये त्याचा ४२ हा क्रमांक सगळ्या संघांनी मिळून कायमचा निवृत्त केला. ज्यांच्या पाठीवर तेव्हा तो होता त्यांना ठेवायची मुभा होती. एकेक करून सगळे गेले आणि शेवटी रिवेरा एकटा उरला. २०१३ नंतर तो कोणीही नेहमीसाठी घातलेला नाही.

आणि २०१९ ला हॉल ऑफ फेमचं, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीचं, मतदान: ४२५ पैकी ४२५. असं याआधी कोणाच्याही वाट्याला आलं नव्हतं. त्याच वर्षी त्याच्यासोबत सिअॅटलचा एडगर मार्टिनेझही निवडला गेला, ज्याने रिवेराविरुद्ध अर्ध्याहून अधिक वेळा हिट मारल्या. एवढा एक बॅटर त्याला कधीच आवरला नाही, हे त्यानेही मोकळेपणी सांगितलं आहे.


जर्सीकर

@निळीशाई, बरं झालं लिहिलंत, ४२ राहूनच गेला होता.

रिवेराच्या शेवटच्या सामन्याबद्दल विचारणा खासगी निरोपात आली, ते इथेच लिहितो. २६ सप्टेंबर २०१३, यांकी स्टेडियम, मी वरच्या मजल्यावर होतो. ओट्यावरचे आजोबा तेव्हा हयात नव्हते, त्यांचा मुलगा माझ्यासोबत आला होता. यांकीज टँपा बेविरुद्ध ०-४ मागे होते, म्हणजे सेव्हचा प्रश्नच नव्हता. तो आठव्या इनिंगला आला, चौघांना बाद केलं. नववीत दोन बाद झाल्यावर खेळ थांबला. पिचर बदलायला मॅनेजर येतो, पण डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेतून, बाहेर आले जीटर आणि अँडी पेटिट, १९९५ पासूनचे त्याचे सोबती. त्यांना बघून रिवेरा आधी हसला. पेटिटने मिठी मारली आणि मग तो त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. बराच वेळ. ते दोघं त्याला धरून उभे होते आणि स्टेडियममध्ये कोणी बसलेलं नव्हतं. टँपाचे खेळाडूही डगआउटच्या कठड्याशी येऊन टाळ्या वाजवत होते.

सामना हरलो. लोक घरी जाईनात. बाकीचे खेळाडू आत गेल्यावर तो बराच वेळ डगआउटमध्ये एकटा बसून राहिला, मग उठून माउंडवर गेला. तिथे वाकून त्याने मूठभर माती उचलली आणि आत गेला.